सुटण्याची वेळ

माझ्या धाकट्या भावाची मुलगी इटालियन शिकते आहे. भाईंदरला आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या विंगमध्ये ती राहते आणि रविवारी संध्याकाळी वही घेऊन आमच्याकडे येते. भाषा बोलल्याशिवाय येत नाही, असे तिच्या बाईंनी सांगितले आहे. आता भाईंदरमध्ये इटालियन बोलणारा माणूस कुठून आणायचा? म्हणून या कामावर निवृत्त काकांची नेमणूक झाली. ती वहीत देवनागरी अक्षरांत प्रश्न लिहून आणते, मी ते बँकेचे परिपत्रक वाचावे तसे वाचतो आणि ती उत्तरे देते. सुरुवातीला मला एका शब्दाचाही अर्थ कळत नसे. पण लेखकाला शब्दांची खोड असते. महिन्याभरात मी तिचा जुना शब्दकोश मागून घेतला आणि आता थोडेफार समजू लागले आहे.

ती मालाडच्या एका कार्यालयात नोकरी करते. तिथे परदेशी कंपन्यांची बिले आणि हिशेब तपासले जातात. ज्याला एखादी युरोपीय भाषा येते त्याला पगार जास्त, म्हणून हा खटाटोप. सध्या तिच्याकडे इटलीतल्या ग्राहकांचे काम आहे. तिकडचे नऊ ते सहा म्हणजे आपल्याकडचे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे जातात आणि त्या दिवसापासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत भाईंदरच्या या मुलीचा दिवस दीड ते साडेदहा होतो.

काही आठवड्यांपूर्वी धडा होता ‘आपल्या कामाचे वेळापत्रक सांगणे’. मी वाचले, “आ के ओरा फिनिशी दी लावोरारे?” म्हणजे, तुझे काम किती वाजता संपते? तिने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “फिनिस्को आल्ले नोवे ए मेझ्झा.” साडेनऊला संपते. उच्चार झकास होता. मी वहीत बरोबरची खूण केली.

स्वयंपाकघरातून आमच्या सौ.नी विचारले, “अहो, काय म्हणाली ती?”

“साडेनऊला काम संपते म्हणाली.”

“साडेनऊला? आणि परवा साडेअकरा वाजता हिची आई खिडकीत उभी होती ती कोणासाठी?”

मी पुतणीकडे पाहिले आणि तोच प्रश्न मराठीत विचारला, “खरे सांग, तू सुटतेस कधी?”

ती वही मिटत म्हणाली, “काही सांगता येत नाही हो, काका.”

एकच मुलगी आणि एकच प्रश्न. परक्या भाषेत तिला तो बिनचूक सोडवता आला आणि आईच्या भाषेत उत्तरच देता आले नाही. तेव्हापासून हे ‘काही सांगता येत नाही’ माझ्या डोक्यात घर करून बसले आहे. वाचकहो, आज त्याविषयीच चार शब्द लिहायचे आहेत.

आधी त्या इटालियन धड्यातली गंमत सांगतो. ‘लावोरो’ म्हणजे काम, आणि ‘लावोरो’ म्हणजेच ‘मी काम करतो’. ‘अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत’ हे सांगायला दोन छोटी अव्यये आहेत, ‘दाल्ले’ आणि ‘आल्ले’. ‘दाल्ले नोवे आल्ले सेई’, नऊपासून सहापर्यंत. नवशिक्याला पहिल्या महिन्यातच हे वाक्य पाठ करावे लागते. त्यात ‘पासून’ आहे तसे ‘पर्यंत’ही आहे आणि दुसरे टोक गाळले तर वाक्य लंगडे पडते.

वारांची तऱ्हा आणखी मजेची. नुसते ‘लुनेदी’ म्हटले तर हा एकच सोमवार. त्याच्या आधी ‘इल’ हे एवढेसे उपपद लावले, की अर्थ होतो दर सोमवारी. एका अक्षराने प्रसंग आणि सवय वेगळी होते. हे वाचले आणि मला माझी स्वतःची तीस वर्षे आठवली. “आज जरा उशीर होईल” हे वाक्य मी घरी जितक्या वेळा बोललो असेन, तितक्या वेळा दुसरे कुठले बोललो नसेन. त्या ‘आज’च्या आधी मी केव्हाच ‘इल’ लावायला हवा होता.

पण मला खरा धक्का बसला तो ‘तुर्नो’ या शब्दाने. ‘तुर्नो’ म्हणजे कामाची शिफ्ट. रात्रीची शिफ्ट म्हणजे ‘तुर्नो दी नोत्ते’. याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे एकामागून एकाला येणारी पाळी. दुकानात रांगेत उभा असलेला इटालियन माणूस ‘आता माझा तुर्नो’ म्हणतो. म्हणजे हा तंतोतंत आपला ‘पाळी’ शब्द झाला! आळीपाळीने करायचे काम म्हणून पाळी. इंग्रजीतल्या शिफ्टमध्ये सरकवण्याचा अर्थ आहे. पाळीत वाटून घेण्याचा आहे. माझ्यानंतर दुसरा येणार आहे, तो आला की मी जाणार, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे.

बोलीभाषेत तर साम्य याहून जवळचे. काम सुरू करण्याला तिकडचा साधा माणूस ‘आत्ताक्कारे’ म्हणतो आणि काम संपवून निघण्याला ‘स्ताक्कारे’. शब्दकोशात पाहिले तर पहिल्याचा अर्थ चिकटणे, जोडणे आणि दुसऱ्याचा विलग होणे, सुटणे. ‘आ के ओरा स्ताक्की?’ म्हणजे शब्दशः ‘किती वाजता सुटतोस?’ आपणही पोरगा बँकेत चिकटला असे म्हणतो, शाळा सुटली म्हणतो, गिरणी सुटली म्हणतो. फरक एवढाच, की तिकडचा माणूस रोज सकाळी चिकटतो आणि रोज संध्याकाळी सुटतो. आमच्या पिढीचा माणूस एकदा चिकटला की थेट निवृत्तीलाच सुटायचा.

‘गिरणी सुटली’ हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. माझे वडील लालबागला एका गिरणीत साचे खात्यात होते. आमच्या चाळीत घड्याळे फार थोडी होती, पण वेळ सगळ्यांना कळत असे, कारण भोंगा होता. कोण दिवसपाळीला, कोण दुसऱ्या पाळीला आणि कोण रातपाळीला, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. दुपारी आम्ही जिन्यात दंगा केला तर कोणीतरी म्हातारी ओरडायची, “कार्ट्यांनो, रातपाळीवाले झोपलेत!” खाणावळीत जेवण तीन वेळा व्हायचे. एकाच खोलीत पाळीपाळीने माणसे झोपायची. एकाचे अंथरूण गुंडाळेपर्यंत दुसरा येऊन उभा. हलाखी होतीच, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण माणसाची कामाची वेळ ही त्याची एकट्याची गुप्त गोष्ट नव्हती. ती घराला, शेजाराला, दुकानदाराला, सगळ्यांना माहीत असे. भोंगा झाला की आई चुलीवर पाणी ठेवायची. वडील किती वाजता येतील हे आम्हांला कधी विचारावे लागले नाही.

ही वेळ भोंग्याने आपणहून दिली नव्हती. ती मागून घेतलेली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आज मराठी घरांत फारसे निघत नाही. जोतिराव फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. सप्टेंबर १८८४मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो कामगारांच्या वतीने मागण्यांचा अर्ज तयार केला. त्या मागण्या आज वाचल्या तर एखाद्या भाषेच्या पहिल्या धड्यासारख्या वाटतात. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे. सूर्यास्ताला थांबावे. दुपारी अर्धा तास सुट्टी मिळावी. रविवारी पूर्ण विश्रांती असावी. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. कधी चिकटायचे, कधी सुटायचे, मध्ये कधी जेवायचे, एवढेच तर ते सांगत होते. एप्रिल १८९०मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. तुम्ही आज पाय पसरून ही पुरवणी वाचत आहात, त्यामागे ती सहा वर्षांची खटपट आहे.

अशा बापाचा मुलगा मी. शिकलो, बँकेत चिकटलो, आणि पाळी, भोंगा, सुटणे हे सगळे शब्द लालबागला ठेवून १९८७ साली भाईंदरला राहायला आलो. तेव्हा मीरा-भाईंदरच्या नगरपालिकेला दोनच वर्षे झाली होती. महानगरपालिका व्हायला २००२ उजाडले. पूर्वेकडच्या आमच्या गच्चीवरून मिठागरे दिसत. भर उन्हात मिठाचे ढीग पांढरे चमकत आणि काम करणारी माणसे त्या उन्हाच्या आधी नाहीतर नंतर दिसत. पश्चिमेला उत्तनला गेलो की बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळताना दिसायचे. तिथल्या कोळ्यांचे वेळापत्रक समुद्राने ठरवलेले. आज उधाण आहे की भांग, भरती कधी, ओहोटी कधी, यावर डोल टाकायची वेळ ठरायची. पण ठरायची. जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवलेल्या असायच्या आणि त्याबद्दल कोणी कोणाला आळशी म्हणत नसे. समुद्रालासुद्धा पाळी असते, हे मला तिथे समजले.

आम्ही नोकरदार मात्र वेगळेच वेळापत्रक सांगत असू. तुमची नोकरीची वेळ काय, असे विचारले तर भाईंदरचा माणूस म्हणायचा, “माझी सात-बेचाळीस.” गाडी हीच आमची वेळ. सकाळची गाडी प्रत्येकाची पक्की असायची, ठराविक डबा, ठराविक दरवाजा. परतीची गाडी विचारली की उत्तर यायचे, “मिळेल ती.” आमच्या वाक्याला ‘दाल्ले’ होते, ‘आल्ले’ नव्हते.

बायकांचे तसे नव्हते, निदान ऑफिसपुरते. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सोडली आणि पुढल्या वर्षी ती विरारपर्यंत नेली. आमच्या सौ. सरकारी कार्यालयात होत्या, ती गाडी त्यांच्या फार जिव्हाळ्याची. ती चुकवून चालत नसे, कारण भाईंदरला उतरल्यावर दुसरी पाळी सुरू व्हायची. भाजी गाडीतच निवडून झालेली असे.

आणि मी? मी अधिकारी झालो होतो. क्लार्क असताना युनियन होती, वेळ होती, ओव्हरटाइम होता. अधिकारी झाल्यावर खुर्ची मोठी झाली आणि घड्याळ गेले. पूर्वी बँकांचे वार्षिक क्लोजिंग ३१ डिसेंबरला असे, १९८९पासून ते ३१ मार्चला आले. क्लोजिंगच्या रात्री ताळा जुळेपर्यंत कोणी हलायचे नाही हा नियम, आणि तो योग्यच होता. काही पैशांच्या फरकासाठी आम्ही पहाटेपर्यंत खातेवह्या उपसल्या आहेत. ती रात्र खरोखर असाधारण असे. पुढे पुढे क्लोजिंग नसतानाही मी आठ-आठ वाजेपर्यंत बसू लागलो. काम असे म्हणून बसलो, तसेच वरचे साहेब बसलेले असत म्हणूनही बसलो. मी शाखेचा प्रमुख झालो, तेव्हा मी बसलो म्हणून खालची माणसे बसू लागली.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर लिहिलेली नाही, कादंबरीतसुद्धा नाही.

माझ्या हाताखाली एक तरुण अधिकारी बाई होत्या. काम नेटके, चूक शोधून सापडायची नाही. त्यांचे मूल पाळणाघरात असे आणि पाळणाघर साडेसातला बंद होई. रोज सहाच्या सुमारास त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची. ती मला दिसायची. आणि खरे सांगायचे तर, ती दिसली की मला राग यायचा. मी एखादा कागद पुढे करायचो, “एवढे पाहून घ्या.” तो कागद सकाळी पाहिला असता तर काही आकाश कोसळणार नव्हते. त्या मुकाट्याने पाहायच्या. असे काही महिने चालले. एक दिवस त्या उठल्या, टेबल आवरले, माझ्यासमोर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “साहेब, माझे आजचे काम झाले आहे. सहा वाजले. मी सुटते.”

मी काही बोललो नाही. पण वर्षअखेरीला त्यांच्या गोपनीय अहवालात लिहिले, ‘कामात काटेकोर; संस्थेविषयीची बांधिलकी अपुरी.’ सही केली, तारीख घातली. त्या वर्षी त्यांची बढती हुकली. माझ्या त्या ओळीमुळेच हुकली असे छातीठोक सांगता येणार नाही, पण त्या ओळीने मदत तर नक्कीच केली नाही. गिरणी कामगाराच्या मुलाने, ज्याची आई भोंगा ऐकून चुलीवर पाणी ठेवायची त्या मुलाने, ‘मी सुटते’ म्हणणाऱ्या बाईला बांधिलकी नाही असे लिहून दिले. त्यांची क्षमा मागायला हवी होती. मी मागितली नाही. पुढे त्यांची बदली झाली, मग माझी झाली. ही रुखरुख आता राहणारच.

इटालियन भाषेत ओव्हरटाइमला ‘स्त्राओर्दिनारिओ’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ असाधारण, नेहमीचे नव्हे ते. तो शब्द वहीत वाचताना मला तो अहवाल आठवला. जे असाधारण असायला हवे ते मी साधारण करून टाकले होते, आणि साधारण माणसाला कमी ठरवले होते.

तिकडे हे शब्द नुसते शब्दकोशात राहिलेले नाहीत. इटलीने आठ तासांचा दिवस १९२३ सालीच कायद्यात आणला. १ जानेवारी १९४८ला अमलात आलेल्या त्यांच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम सांगते, की हे प्रजासत्ताक श्रमावर उभे आहे. आणि छत्तिसावे कलम सांगते, की कामगाराला साप्ताहिक विश्रांतीचा आणि पगारी वार्षिक रजेचा हक्क आहे आणि हा हक्क त्याला सोडून देता येणार नाही. हे शेवटचे शब्द मी दोनदा वाचले. आमच्या बँकेत ‘माझ्या इतक्या रजा बुडाल्या’ असे सांगणे हा मोठेपणा असे. मीही छाती फुगवून सांगितले आहे. त्या घटनेच्या भाषेत तो मोठेपणा नाही, तो असा व्यवहार आहे की जो करायला माणसाला परवानगीच नाही. कारण उघड आहे. एकाने रजा सोडली की शेजारच्या टेबलावरच्याला ती मागणे कठीण होते. २००३च्या कायद्याने चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती सांगितली. २०१७च्या कायद्याने, घरून वा फिरतीवर काम करणाऱ्याच्या करारात विश्रांतीच्या वेळा आणि यंत्रापासून सुटण्याची तजवीज लिहायला लावली.

म्हणून इटली हा स्वर्ग आहे असे कोणी समजू नये. कागदाबाहेरचे, चोरटे काम तिकडेही भरपूर चालते. जून २०२४मध्ये रोमच्या दक्षिणेला, लातिना जिल्ह्यात शेतावर राबणाऱ्या एका भारतीय मजुराचा हात यंत्रात तुटला आणि त्याला रुग्णालयात न नेता घराबाहेर टाकून देण्यात आले, तो दगावला. त्याच्याजवळ कागदपत्रे नव्हती. ज्याला आपली वेळ आणि आपला पगार मालकापुढे उभे राहून सांगता येत नाही, त्याच्यापर्यंत कुठल्याच देशाची राज्यघटना पोहोचत नाही. मला वाटते, माझ्या म्हणण्याला याहून कडू पुरावा नको.

आपल्याकडेही कायदे झाले. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याची मर्यादा ४८ तासांची ठेवली. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. अशा विधेयकांचा कायदा क्वचितच होतो, त्याचाही झाला नाही. बँकांना १ सप्टेंबर २०१५पासून महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. मी त्या वेळी नोकरीतच होतो. पहिल्या सुट्टीच्या शनिवारी मी सकाळी दाढी करून, कपडे घालून बसलो होतो. सुटायची सवयच राहिली नव्हती.

कोणी म्हणेल, “तुमचे काय जाते बोलायला? पेन्शन घेता. आजच्या मुलांना स्पर्धा किती आहे! सहाला उठून गेले तर दुसऱ्या दिवशी घरी बसावे लागेल.” हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या पुतणीला घराचे हप्ते आहेत, वडिलांची औषधे आहेत. तिने उद्यापासून साडेनऊच्या ठोक्याला उठावे, असा उपदेश मी करणार नाही. मी एवढेच म्हणतो, की निदान ती वेळ ठाऊक असू द्या, बोलली जाऊ द्या. उशीर झाला तर ‘आज दोन तास उशीर झाला’ असे म्हणा. ‘काही सांगता येत नाही’ म्हणू नका. ज्याला ‘पर्यंत’ आहे त्याचाच उशीर मोजता येतो. ज्याला ‘पर्यंत’च नाही त्याला उशीर होतच नाही, त्याचे सगळे आयुष्य कामाच्या वेळेतच जमा होते. लोखंड्यांच्या कामगारांनाही एका दिवसात काही मिळाले नाही. पण त्यांनी आधी वेळ उच्चारली.

आणि माझे खरे सांगणे त्या मुलांना नाहीच. ते माझ्यासारख्या खुर्च्यांवर आज बसलेल्यांना आहे. या पुरवणीच्या वाचकांत पुष्कळ साहेब असतील, मॅनेजर असतील, चार माणसांचे दुकान चालवणारे असतील. घरी धुणीभांड्याला येणाऱ्या बाईंच्या दृष्टीने तर आपण सगळेच मालक आहोत. आपल्या हाताखालच्या माणसाची सुटण्याची वेळ आपल्याला माहीत आहे का? ती झाली की ‘निघा आता’ हे शब्द आपल्या तोंडून बाहेर पडतात का? खालच्याने ‘मी सुटतो’ म्हणायला धैर्य लागते. वरच्याने ‘सुटा’ म्हणायला काहीच लागत नाही, तरी तो म्हणत नाही. मी म्हणालो नाही.

परवाच्या रविवारी पुतणी पुन्हा आली. नवा धडा होता, पण तिने जुनाच उजळणीला घेतला. या खेपेला ती प्रश्न विचारणार होती आणि समोर बसवली होती तिच्या काकूला. “काकू, आ के ओरा स्ताक्की?” आणि लगेच मराठीत, “तू किती वाजता सुटतेस?”

आमच्या सौ. हातातला झारा तसाच धरून म्हणाल्या, “ऑफिसने मला अठ्ठावन्नाव्या वर्षी सोडले. स्वयंपाकघराचे सोडल्याचे पत्र अजून आलेले नाही.”

पुतणी हसली. मला हसू आले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. मी तो झारा मागून घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू द्या, पोळी करपवाल.” करपलीच. पण त्या रविवारी रात्री आठ वाजता त्या गच्चीवर जाऊन बसल्या, आणि तेव्हापासून रविवारचे आठ ही आमच्या घरातली सुटण्याची वेळ ठरली आहे. आठवड्यातला एकच दिवस आहे, मान्य. लोखंड्यांनीही सुरुवात एकाच दिवसापासून केली होती.

पुतणीने जाताना वहीत नवे वाक्य लिहून घेतले आणि मला वाचून दाखवले. इटालियनमध्ये नव्हते ते. “साडेनऊची वेळ आहे. काल पावणेअकराला सुटले. सव्वा तास उशीर.” हे वाक्य तिने आईलाही सांगायचे ठरवले आहे, म्हणजे खिडकीत किती वेळ उभे राहायचे हे तिला कळेल. साहेबांना सांगायला अजून वेळ लागेल. लागू द्या.

आज रविवार आहे. पुरवणी वाचून खाली ठेवाल तेव्हा घरात जो कोणी काम करताना दिसेल त्याला किंवा तिला विचारा, तू सुटतोस कधी, तू सुटतेस कधी. आणि ‘काही सांगता येत नाही’ हे उत्तर घेऊन उठू नका.